बुजवलेल्या बावखलाचे ऋतू

आमच्या अंगणात सहा वर्षं कुणी सरळ चाललं नाही. फाटकातून आत आलेला माणूस वीस पावलांत पायरीशी पोचायला हवा. पण तो डावीकडे वळायचा, कुंपणाच्या कडेकडेने अर्धा फेरा मारायचा आणि मग पायरी चढायचा. मध्ये अडथळा काही नव्हता. पेव्हर ब्लॉक होते, मी स्वतः उभं राहून पाणसळीत बसवून घेतलेले. कुरियरवाला तसाच यायचा, खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवालाही तसाच. बायकोला एकदा विचारलं तर म्हणाली, "मी कुठे वळसा घालते? सरळच तर जाते." आणि वळसा घालूनच आत गेली.

त्या ब्लॉकांच्या खाली बावखल होतं. आमच्या वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची अशी लहान तळी असतात. पावसाळ्यात भरतात, उन्हाळ्यात आटत आटत गुडघाभर राहतात. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी विहिरी गोड राहतात त्या या तळ्यांमुळे. हे मला आज माहीत आहे. घर घेतलं तेव्हा माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याने सांगितलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

मी जुना माल विकतो. पाडायला काढलेल्या घरांची दारं, खिडक्या, सागाच्या तुळया घ्यायच्या, कामणच्या गोदामात रचायच्या आणि नवे बंगले बांधणाऱ्यांना विकायच्या. सुरुवात हातगाडीवर केली. कुणी हात दिला नाही. हे वाक्य मी जेवायला बसतानाही म्हणतो, असं घरचे म्हणतात. धंद्यात मला एकच गोष्ट येते, मालातली खोट दिसते. चौकटीवर हात फिरवला की वाळवी कुठून शिरली ते कळतं, आणि समोरच्याने भाव सांगायच्या आत मी त्याला ती दाखवतो.

हे घर घेताना मी बावखल दाखवलं.

विकणारा म्हातारा इथल्या जुन्या बागायतदार घरातला. बायको गेलेली, मुलगी विरारला फ्लॅटमध्ये, तिच्याकडे राहायला जाणार होता. वैशाख होता. तळाशी हिरवट पाणी उरलेलं.

"काका, हे डबकं गळ्यात कोण घेणार? डास, साप. उद्या माझी नात इथे खेळायला येईल."

"डबकं नाही ते."

"मग काय आहे?"

"एक पावसाळा राहून बघा. मग बुजवायचं तर बुजवा."

म्हातारा वेळ काढतोय, मला वाटलं. पाऊस पडला की झाडं हिरवी होतील आणि हा भाव चढवेल. मी उठून उभा राहिलो. "बुजवून द्यायचं. तुमच्या खर्चाने. नाहीतर मी निघालो."

तो तळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं."

समोरचा इतक्या लवकर कबूल झाला की माल पुन्हा उलटून बघावा, हे मी माझ्या माणसांना शिकवतो. त्या दिवशी मी स्वतः ते केलं नाही. चार दिवस डंपर येत राहिले, पाडकामाचा राडारोडा पडत राहिला, जमीन सपाट झाली. सहीच्या दिवशी म्हातारा आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला. पेन हातात घेतलं आणि मला म्हणाला, "पाण्याला मी सांगून आलोय."

"काय सांगितलंत?"

तो हसला आणि सही केली. ते हसू माझ्या मनातून गेलं नाही. शेजारच्या ताईंनी पुढे बायकोला सांगितलं की त्यांच्या घरात तशी रीतच होती. लग्न ठरलं, मूल झालं, कुणी गेलं, की घरातल्या मोठ्याने काठावर जाऊन पाण्याला सांगायचं.

पहिल्या आषाढात बेडूक आले. दुपारी चारची वेळ, चांगला उजेड होता. ब्लॉकांवर पाच-पन्नास बेडूक बसले होते, सगळे गोल करून, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. शेजारच्या वाडीत बेडकांचा एवढा गलका की बोललेलं ऐकू येईना. आमच्या अंगणात मात्र एकाचाही आवाज नाही. मी झाडू घेऊन गेलो. ते हलले नाहीत. झाडूने ढकललेला बेडूक पुन्हा उड्या मारत आपल्या जागेवर येऊन बसायचा.

श्रावणात खंड्या आला. कपडे वाळत घालायच्या तारेवर बसायचा आणि मान वाकडी करून खाली ब्लॉकांकडे बघत राहायचा. अर्धा-अर्धा तास. मग दगडासारखा खाली पडायचा, जमीन वीतभर उरली की वळायचा आणि परत तारेवर. एकदा तो चोचीत काहीतरी घेऊन वर आला. ते चांदीसारखं हलत होतं. मी ते पाहिलं, वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खोडलं.

वही मी बेडूक आले त्याच दिवशी सुरू केली होती. निसर्गाची आवड म्हणून नव्हे. मला त्या म्हाताऱ्याविरुद्ध पुरावा हवा होता. माल सदोष दिला आहे, तर दोष तारीखवार लिहून ठेवावा, एवढाच हिशेब. आयुष्यात कधी झाडाकडे मान वर करून न बघितलेला माणूस मी, पण खोट शोधायची म्हटल्यावर रोज सकाळी आणि दुपारी पडवीत खुर्ची टाकून बसायला लागलो.

म्हणून मला सगळं दिसत गेलं. भाद्रपदात पाणकोंबडी काळी पिल्लं मागे घेऊन कुंपणातून आली, ब्लॉकांच्या कडेपर्यंत चालली आणि थांबली. पिल्लं तिच्या पायांशी घुटमळली, मग एकेक करून सपाट जमिनीवर पोटाने बसली आणि पाय हलवू लागली. आश्विनात चतुर आले आणि शेपटीचं टोक सिमेंटला टेकवत टेकवत फिरले. पौषात सकाळी धुकं असायचं, ते रस्त्यावर नाही, शेजारी नाही, आमच्या अंगणात, ताटासारखं गोल. वैशाखात कोपऱ्यावरच्या तामणाची जांभळी फुलं ब्लॉकांवर पडायची. वारा अजिबात नसताना ती फुलं सरकायची. दुपारभरात हळूहळू जाऊन सगळी एका कडेला जमायची, पाण्यावर जमतात तशी.

घरातसुद्धा एका जागी, दिवाणखान्याच्या अंगणाकडच्या टोकाला, लादी बारा महिने गार असायची. बायकोने तिथलं शिवणयंत्र हलवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पाय ठेवला की वाटतं, खाली कुणीतरी श्वास रोखून आहे." पुन्हा त्या विषयावर ती बोलली नाही.

दोन वर्षांची वही घेऊन मी वकिलाकडे गेलो. त्याने चष्मा लावून चार पानं वाचली.

"शेठ, खंड्या खाली बघतो, हा दावा मी कोर्टात कसा मांडू?"

"जसा आहे तसा मांडा. फसवणूक आहे ही."

"बुजवायला कुणी सांगितलं होतं?"

त्याने वही बंद करून माझ्या हातात दिली. "छान लिहिलंय पण. मासिकाकडे पाठवा."

तिथे माझा तोल गेला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्या वकिलाकडे मी पुन्हा गेलो नाही आणि त्यानेही बोलावलं नाही.

चौथ्या फाल्गुनात घरात डाळ शिजेना. चहाला चव येईना. आमची आणि शेजारच्या ताईंची विहीर एकच आहे, कुंपणाच्या रेषेवर. अर्धा कठडा त्यांचा, अर्धा आमचा. ताई एकट्या राहतात. सोनचाफा आणि मोगरा लावतात, रोज पहाटे फुलं दादरला जातात, त्यावरच त्यांचं चालतं. त्या फाल्गुनात त्या कठड्यापाशी उभ्या होत्या.

"भाऊ, तुमच्याकडे पाणी कसं लागतं?"

"ठीक लागतं."

"हो का," त्या म्हणाल्या आणि कळशी उचलून गेल्या. माझ्या घरातही पाणी मचूळ होतं. त्यांच्या चाफ्याची पानं कडेने जळल्यासारखी तपकिरी झाली होती. मीठ चढलं की पान असं कडेपासून जळत येतं, हे मी वहीत लिहिलं. कुणामुळे, ते लिहिलं नाही. मी म्हाताऱ्यावर आणखी चिडलो, एवढंच.

पुढच्या वर्षी निम्मा मोगरा गेला. सहाव्या वर्षाच्या चैत्रात ताई आमच्या पडवीत आल्या, पदर खोचलेला, हातात चाफ्याचं एक वाळकं डहाळं.

"भाऊ, वाडी विकायला काढायची म्हणते. उद्या एकजण बघायला येणार आहे. तुम्ही बसाल का माझ्या बाजूने? तुमच्यासारखं बोलायला मला जमत नाही."

आयुष्यात मला कुणी दिलेला हा सगळ्यात मोठा मान. मी लगेच हो म्हटलं.

आलेला माणूस तिशीतला, पांढरा शर्ट, बिल्डरचा माणूस. त्याने वाडीत एक फेरी मारली, चाफ्याचं पान तोडलं, कडेवरून अंगठा फिरवला. विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात खेळवलं आणि थुंकलं. मग आमच्यासमोर येऊन बसला.

"मावशी, खरं बोलू? विहीर खारी. वाडी मेली समजा. मी तुमच्याकडून नुसता मातीचा तुकडा घेतोय. तुमच्याकडे बघून घेतोय, नाहीतर..."

मला पुढचं ऐकू येईनासं झालं. शब्द माझे होते. अंगठा फिरवायची पद्धत माझी होती. 'तुमच्याकडे बघून' म्हणताना पुढे झुकायचं, तेही माझंच. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, हे तोंड आता हललं नाही तरी आवाज येत राहील.

"उठ," मी म्हणालो.

"काय?"

"उठ म्हणतो! खोट विहिरीत नाही. खोट माझ्या अंगणात आहे. बावखल बुजवलंय तिथे. मी बुजवून घेतलंय. तू कुणाला सांगतोस खारी म्हणून?"

तो उठला, गाडीत बसला आणि गेला. ताई सुपारी कातरत होत्या. त्यांचा अडकित्ता थांबला नव्हता.

"मी भाव वाढवायला बोलावलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही गिऱ्हाईकच पळवलंत."

"ताई..."

"तो परत येईल. हे लोक परत येतात. पुढच्या वर्षीच्या वैशाखात मी सही करणार, मला आणखी ओढवत नाही. तोवर तुम्हाला काय करायचं ते करा." आणि मग सुपारी पुढे करत, "घ्या. सहा वर्षं लागली तुम्हाला हे वाक्य बोलायला."

तिसऱ्या दिवशी मी विरारला गेलो. म्हातारा सातव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मला बघून त्याने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "शेठ, उशीर केलात." मी जाताना ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. दोन मिनिटं टिकलो.

"तुम्हाला माहीत होतं! विहीर खारी होणार हे माहीत होतं, आणि तुम्ही तोंड मिटून बसलात!"

"एक पावसाळा राहून बघा म्हटलं होतं मी."

"स्पष्ट सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही ऐकून घ्यायला आला होता का? भाव पाडायला आला होता."

मी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे आपटली. "हे वाचा. काय काय भोगलंय ते."

त्याने वही उघडली. मला वाटलं, लाजेल. तो वाचत गेला, बोट ओळीखालून सरकवत, आणि त्याचे ओठ हलू लागले. पाणकोंबडीच्या पानावर तो थांबला. "पिल्लं किती होती?"

"चार."

"चारच? पूर्वी सहा असायची." तो पुढे वाचत राहिला. फुलं सरकून कुठल्या कडेला जमतात ते वाचल्यावर मान डोलावली. सगळी वही संपवली, पुन्हा पहिलं पान काढलं. मग वर न बघता म्हणाला, "ही मला द्या."

"का म्हणून?"

"बावखल पुन्हा खणायचं असेल तर त्याचा झरा कुठे आहे ते सांगतो. सगळं अंगण खणत बसलात तर वर्ष जाईल आणि झरा हाती लागणार नाही. मी एक बोट ठेवून दाखवतो. वही इथे राहील."

सहा वर्षांचा माझा सगळा पुरावा त्याच्या मांडीवर होता. ती दिली की माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काही उरत नव्हतं. मी आयुष्यात इतका वाईट सौदा केलेला नाही, आणि त्यात घासाघीसही केली नाही. मी एवढंच विचारलं, "त्या दिवशी पाण्याला काय सांगितलं होतंत?"

"मालक बदलला म्हणून सांगितलं. तुमचं नाव सांगितलं. काही लागलं तर आता त्यांच्याकडे जा, म्हटलं." तो साधेपणाने बोलत होता, पत्ता बदलल्याचं सांगावं तसा. "दुसरं काय सांगणार?"

मुलीच्या गाडीतून तो एकदाच आला. अंगणात शिरला आणि मला हे लिहायलाच हवं, तो वळसा न घालता सरळ मध्यात चालत गेला. काठी टेकवली. "इथे."

वैशाखात खोदकाम सुरू केलं. कामणच्या बाजूच्या गावातले दोघे भाऊ होते, पिढीजात विहिरी खणणारे. आधी माझाच राडारोडा बाहेर निघाला, मग काळा गाळ. दोन पुरुष उंचीहून जरा कमी खाली गेल्यावर धाकटा एकदम थांबला आणि पाय उचलून बघू लागला.

"शेट, पानी लागला."

"मग थांबलास का?"

"आमी खनतो तवा पानी खालून येतो, हळूहळू. ह्यो पानी बाजूनं आलाय." तो घराच्या बाजूला बोट दाखवत होता. दिवाणखान्याच्या बाजूला. दोघे भाऊ वर आले आणि त्या दिवशी पुन्हा खाली उतरले नाहीत. दुपारपर्यंत खड्ड्यात कमरेएवढं पाणी चढलं, गार, काळं, आणि त्यावर एकही बुडबुडा नाही. आत जाऊन मी लादीवर पाय ठेवला. ती कोमट होती.

पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. मी कडेला जांभ्याच्या पायऱ्या करून घेतल्या. नवी वही आणली. पण या वर्षी लिहायला काही नाही. आषाढ गेला, एकही बेडूक आला नाही. श्रावणात तार रिकामी. पाण्यावर चतुर नाही, काठाला पाखरू नाही, तामणाची फुलं पडली तिथेच भिजून तळाशी गेली. सिमेंट होतं तेव्हा सगळे येत होते, आणि पाणी आलं तर कुणी नाही. भोवतीच्या वाड्यांत नेहमीचा कलकलाट चालू आहे. आमच्याकडे एवढं पाणी नुसतं वर बघत पडलेलं असतं. बायको म्हणते, वेळ लागेल, घाबरलेलं जनावर लगेच येत नाही. मला वाटतं, घाबरलेलं कोण आहे ते अजून ठरायचं आहे. तरी मी रोज सकाळी काठावर जातो, आणि कुणी बघत नाही असं पाहून, घरात काय चाललंय ते दोन शब्दांत सांगून येतो. नातीचे दात, बायकोचा गुडघा. मूर्खासारखं वाटतं. न सांगता आलो तर जास्त वाईट वाटतं.

आता फाल्गुन लागला आहे. मीठ याच महिन्यात चढतं. बिल्डरचा माणूस मागच्या आठवड्यात येऊन ताईंकडे कागद ठेवून गेला. देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीखाली तो कागद आहे, मी पाहिला. ताई रोज पहाटे विहिरीवर येतात, कळशी काढतात आणि पहिली ओंजळ तोंडात घेतात. मी माझ्या बाजूच्या कठड्याशी उभा राहून त्यांचा चेहरा बघतो. पंधरा दिवस त्यांनी पाणी गिळलं आणि कळशी उचलून गेल्या.

आज त्यांनी ते बराच वेळ तोंडात धरलं. मग कळशी कठड्यावर माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही सांगा. तुम्हाला खोट कळते."

मी ओंजळ घेतली. पाणी गार होतं. गोड होतं. आणि गिळल्यानंतर, अगदी शेवटी, जिभेच्या मागे काहीतरी राहिलं. गोड आहे म्हटलं असतं तर आणखी एक महिना मिळाला असता, कदाचित सही टळलीही असती. मी धंद्यात याहून पुष्कळ मोठं खोटं बोललो आहे.

"किंचित आहे," मी म्हणालो. "गेल्या वर्षीपेक्षा कमी. पण आहे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल." त्यांनी कळशी कमरेवर घेतली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "कमी आहे म्हणालात ना? गेल्या वर्षीपेक्षा?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

त्या चाफ्याच्या ओळीत गेल्या आणि जे सगळ्यात जास्त जळलेलं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी ती सबंध कळशी ओतली. मग ओल्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या. वैशाखाला अजून दोन महिने आहेत.